तळ्याकाठच्या चार दिवसांचं भांडण

सहलीला जायचं इंग्लंडातल्या खेड्यात, आणि भांडण झालं आदिलाबादला, आमच्या पुढच्या खोलीत, फोन पाण्याच्या जगला टेकवून. फोनवरच्या भांडणात मजा नाही बघा. समोरचं माणूस मधेच तोंड उघडं ठेवून अडकतं, आणि आपण रागानं बोललेलं त्याला पोचेपर्यंत आपला राग निम्मा झालेला असतो. माझा मात्र झाला नाही.

मुलगा तिकडं नोकरीला जाऊन सहा-सात वर्षं झाली. सून नागपूरची, शिकलेल्या घरची, दोन पिढ्या प्राध्यापक. लेकरं दोन, थोरली तीन वर्षांची आणि धाकटा दीडचा. थोरलीला मी मांडीवर घेतलेलं आहे, ती इथं येऊन गेली. धाकट्याला अजून हात लागला नाही माझा. फोनमध्येच त्याला दात आले, फोनमध्येच तो चालायला लागला. या उन्हाळ्यात आम्ही दोघं नवरा-बायको पाच आठवड्यांसाठी जाणार असं ठरलं. हैदराबादला जाऊन व्हिसासाठी बोटांचे ठसे देऊन आलो, तिकिटं झाली. पण त्या पाच आठवड्यांत मुलाला रजा चारच दिवसांची. ते चार दिवस कसे घालवायचे याची चर्चा दर रविवारी दुपारी सुरू झाली.

मला वाटलं होतं, घरी बसू. लेकरं अंगावर लोळतील, मुलाला समोर बसवून जेवू घालीन. मुलगा म्हणाला, "आई, आम्ही एक शेतावरचं घर बघितलंय."

"शेतावरचं मंजी? शेतातच राहाचं?"

"हो. गाई आहेत, मेंढ्या आहेत. मालकीणबाई सकाळी मुलांना सोबत नेते. कोंबड्यांची अंडी गोळा करायची, कोकरांना बाटलीनं दूध पाजायचं, गोठा झाडायचा."

"गोठा झाडाचा! आन् मजुरी कोन देते?"

"मजुरी कसली आई, आपणच त्यांना पैसे देतो."

मी यांच्याकडं बघितलं. आमचे हे तहसीलीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले, जुन्या दफ्तरातले शब्द अजून त्यांच्या तोंडी बसलेले. ते म्हणाले, "वा रे फैसला! मालकाचा गोठा झाडा आन् मालकालेच पैसे द्या. निजामाच्या राज्यातबी असं नाही झालं बाप्पा."

मुलगा हसला. सून हसली नाही, ती यादी करत होती. या बाईला यादी केल्याशिवाय पाणी पिता येत नाही. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, पावसाचे कोट, घडीचा पाळणा, जिन्याला लावायचं दार, पंख्याबत्तीच्या बटनांवर बसवायची झाकणं. दर रविवारी यादी वाढायची. दीड वर्षाच्या पोट्ट्याचं सामान माझ्या अख्ख्या रुखवतापेक्षा जास्त झालं.

मीही दर रविवारी एक खुसपट काढायची. एका रविवारी गोचीड. एका रविवारी थंडी. एका रविवारी, दीड वर्षाच्या लेकराला काय आठवणार आहे? मुद्दाम काढायची, हे आज कबूल करते. सून एकदा शांतपणानं म्हणाली, "आई, तुम्ही तीस वर्षं मुलं सांभाळलीत. तुम्हीच सांगा ना, काय न्यायचं?"

"काहीच नोको नेऊ. घरीच राहा."

तिनं यादीची वही मिटली. मला बरं वाटलं. असं आमचं चाललेलं.

तीस वर्षं सांभाळली, ते खरं. मी सातवी पास. पुढचं सगळं जुन्या वर्तमानपत्रांवरून आणि मुलाच्या पुस्तकांवरून शिकले. अंगणवाडीत टीचर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त होऊन घरी बसले. दोन ते पाच वर्षांची किती लेकरं हाताखालून गेली, मोजली नाहीत. एकही हातचं सुटलं नाही, ही माझी घमेंड. माणसाला एक तरी असावी.

मग एका रविवारी मुलानं त्या घराचा फोटो दाखवला. दगडी घर, पुढं हिरवळ, आणि हिरवळ संपते तिथं तळं. कुंपण नाही, कठडा नाही, काही नाही.

"अन् हे तळं किती दूर?" मी विचारलं.

"तीस पावलं असेल."

"दोन लेकरं घेऊन तळ्याकाठी चालले तुमी? डोकं फिरलं का?"

"म्हणून तर हे मागवलंय," सून म्हणाली आणि आतून काहीतरी घेऊन आली. लेकराच्या पाठीवर बसेल अशी इवलीशी पिशवी, मधमाशीसारखी पिवळीकाळी. तिचे पट्टे छातीवरून घेऊन बक्कल लावायचं, आणि पिशवीला मागून लांब दोर. तिनं थोरलीला ती घातली. थोरली खोलीभर पळाली, दोर ताणला गेला, पोरगी मागं खेचली गेली आणि हसली. पुन्हा पळाली, पुन्हा खेचली गेली.

"सोड तिले," मी म्हणाले.

"आई, तिला आवडतंय."

"सोड म्हणून राह्यली ना मी! ढोर आहे का ते?"

"आई, इथं सगळे वापरतात."

"सगळे वापरतात मंजी? मले बांधत होते, मले! झाडाले! म्हणून आमी तुमाले शिकवलं का, की तुमी पैसे देऊन लेकरं बांधावीत?"

फोन अडकला की माणसं अडकली, कळेना. मुलगा म्हणाला, "तुला कुणी बांधलं?"

आणि मी सांगितलं. माझी माय तामसी गावाच्या अलीकडं एका मालकाच्या कापसात निंदायला जायची. शेताच्या कडेला विहीर होती, नुसतं जमिनीतलं भोक. म्हणून माय जुन्या लुगड्याची पट्टी माझ्या कमरेला बांधायची आणि दुसरं टोक मोहाच्या झाडाला. सावली सरकली की हातातलं काम टाकून यायची, गाठ सोडून झाडाच्या दुसऱ्या अंगाला बांधायची. मालकाचा माणूस बांधावर उभा असला की तिला येता यायचं नाही. मग मी उन्हात. हे मला आठवत नाही, मायनं सांगितलेलं. पण माझ्या धाकट्या बहिणीला बांधलेलं आठवतं, कारण ती गाठ मी मारायची. मी सहा वर्षांची होते. अंगणवाडीत लागल्यावर बाजेच्या पायाला बांधलेली लेकरं मी दारोदार फिरून सोडवली. त्यांच्या आयांना नाही नाही ते बोलले. त्यातल्या दोघी-तिघी अजून माझ्याशी बोलत नाहीत.

"हे मला कधीच का नाही सांगितलं?" मुलगा म्हणाला.

"सांगासारखं होतं काय त्यात?"

"उन्हाळ्यात वर्गातली सगळी पोरं गावाला जायची. शेतात, बैलगाडीत. मला तुम्ही एकदाही नेलं नाही. मला वाटायचं, आपलं शेत कुठंतरी आहे आणि तुम्ही मला अभ्यासासाठी तिकडं जाऊ देत नाही."

"आपलं शेतच नोहतं रे."

मग सून बोलली. आवाज चढवला नाही तिनं, चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. "आई, मला हे ऐकून वाईट वाटलं. पण तळं ते तळंच. तीन वर्षांत मी एक रात्र सलग झोपले नाही. मला हे चार दिवस हवेत, आणि त्यात मुलं पाण्यात पडायला नको आहेत. दोर राहणार. तुम्हाला बघवत नसेल तर ते चार दिवस तुम्ही आणि बाबा आमच्या घरी थांबा."

"दोर कायले पाह्यजे? मी आहे ना! तीस वर्षांत एक लेकरू नाही सुटलं माझ्या हातचं."

"तुमचे गुडघे, आई?"

"माझ्या गुडघ्याचं तू नोको पाहू."

इथं यांनी हात लांब केला आणि फोन बंद करून टाकला. मग माझ्यावर फिरले. "सुनेपुढं काऊन काढलं ते? तिच्या घरी दोन पिढ्या प्रोफेसर. आन् तू झाडाले बांधल्याच्या गोष्टी सांगून राह्यली!"

"खोटं आहे का?"

"खरं आहे म्हणूनच तर विचारून राह्यलो!"

त्या दिवशी आम्ही दोघं दोन खोल्यांत जेवलो. यांची माय पण त्याच कापसातली. लग्नाला इतकी वर्षं झाली, ते कधी बोलायचं नाही असं आमच्यात ठरलेलंही नव्हतं. न ठरवताच दोघांनी पाळलं.

पुढचे दोन रविवार फोन आला नाही. मीही केला नाही. मी यांना म्हणाले, "मी नाही येत. तिकीट रद्द करा."

"तुझं तू कर. मी चाललो," हे म्हणाले. "मले कोणी दोर लावला तरी चालते."

असा माणूस.

मनात मात्र एकच. सून मला घरी ठेवून जाईल. चार दिवस मुलगा तिकडं, लेकरं तिकडं, आणि आम्ही दोघं परक्या देशात, कुलूप लावलेल्या घरात, घर तापवणाऱ्या रेडिएटरचा आवाज ऐकत. धाकटा मला ओळखायला शिकायचा, तर ते हेच दिवस. मग मला सुचलं, दाखवूनच द्यावं. तिला नाही तर निदान स्वतःला.

आमच्या शेजारी तेलुगू कुटुंब आहे. त्यांची नात दोन वर्षांची, सगळे तिला पापा म्हणतात, तेलुगूत बाळ, आणि पाय म्हणजे भिंगरी. एक दिवस सकाळी तिची आजी दारात भाजी घेत होती. मी म्हणाले, "पापेला द्या माझ्याकडं, फिरवून आणते." मुद्दाम मागून घेतली. बोट धरून गल्लीत निघालो. कोपऱ्यावर मीच बोट सोडलं. बघू, म्हटलं, पळते का आणि मी गाठते का.

पळाली. सरळ नाही पळाली, लेकरं कधी सरळ पळतात? आधी नालीकडं, मग वळून मोठ्या रस्त्याकडं. मी धावले. चार पावलं धावले आणि उजवा गुडघा असा वळला की भिंतीला धरूनच उभी राहिले. "पापा, आगू!" म्हणून ओरडले, तेलुगूत थांब म्हणून. ती हसत पुढं. समोरून ऑटो आला. ऑटोवाल्यानं असा ब्रेक मारला की मागची सवारी त्याच्या खांद्यावर आली. तो उतरला, पोरीला उचललं आणि माझ्या हातात आणून दिलं. "अम्मा, संभलता नहीं तो छोडते क्यों?" एवढंच म्हणाला आणि गेला.

तिच्या आजीनं दारातून सगळं बघितलं होतं. "अय्यो अम्मा" म्हणाली, पोरीला घेतलं आणि आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून ती पोरगी आमच्या दारात खेळायला येत नाही.

आठ दिवस मी हे कुणाला सांगितलं नाही. यांनाही नाही. नाही सांगितलं तर जाता येणार होतं, घमेंडीसकट. पण रोज डोळ्यांपुढं तो फोटो यायचा, हिरवळ, आणि हिरवळ संपते तिथं पाणी. शेवटी एका मंगळवारी मीच सुनेला फोन लावला. तिची जेवणाची सुट्टी होती, ती ऑफिसातच डबा खात होती.

"दोर न्या," मी म्हणाले.

"काय झालं, आई?"

सांगितलं. बोट मीच सोडलं होतं, हेही सांगितलं. मला वाटलं, जाऊ द्या आई, असं काही म्हणेल. तिनं विचारलं, "किती अंतर होतं?"

"दहा-बारा पावलं."

"आणि तुम्ही कुठपर्यंत पोचलात?"

"पोचलेच नाही."

"सांगितलंत ते बरं केलंत," म्हणाली. बँकेतल्या बाईसारखी म्हणाली, आणि तिला परत कामाला जायचं होतं.

त्याच संध्याकाळी घरच्या ग्रुपवर नवी यादी आली. खोल्या कुणाला कोणत्या, तेही होतं. खालची खोली आई-बाबांना, जिना चढायला नको म्हणून. म्हणजे आम्हाला नेणार होते. मी यांना ओरडून सांगितलं, आणि मग खालची ओळ वाचली. तळ्याकडं मुलं फक्त दोर लावून जातील आणि दोर त्यांच्या आईच्या किंवा बाबांच्या हातात राहील.

मी ती ओळ यांना वाचायला दिली. त्यांनी चष्मा लावून, सरकारी कागद वाचावा तशी दोनदा वाचली. "मंजुरी आहे," म्हणाले, "पण शर्तीवर."

"कोनती शर्त, ते वाचलं का?"

"वाचलं. तू नोको बोलू आता. खोली भेटली ना."

खोली भेटली. पण तिथं बसून मी काय बघणार, खिडकीतून? मला एवढंही टोक धरता येणार नाही? ज्या दोरासाठी मी दोन रविवार तोंड बंद ठेवलं, तोच हातात यावा म्हणून जीव तडफडायला लागला, हे मला त्या बाईला कसं सांगता येईल? गुडघा धावत नाही. पण हाताला काय झालंय? हात अजून भरलेली बादली उचलतात. दीड वर्षाच्या लेकराला ओढून धरायला पाय लागत नाहीत.

मला टाइप करायला वेळ लागतो. एकेक अक्षर शोधून लिहिलं, "आजीच्या पण हातात." बाकी काही लिहिलं नाही. कृपा करून वगैरे लिहायचं मनात आलं होतं, ते खोडलं.

लगेच निळ्या खुणा आल्या. दोघांनी वाचलंय. त्यानंतर एक रविवार होऊन गेला, त्यात थोरलीनं मला गाणं म्हणून दाखवलं, मुलानं तिकडची हवा सांगितली, सुनेनं विमानात घालायच्या मोज्यांबद्दल विचारलं. मी लिहिलेल्या ओळीबद्दल तीही बोलली नाही, मीही नाही. निघायला आता पंधरा दिवस आहेत, आणि यादी रोज उघडून बघते. अजून तळ्याची ती ओळ होती तशीच आहे.