रघूअण्णांनी उतरवलेला कोट

ज्या माणसाने माझ्या मेलेल्या नवऱ्याच्या अंगातला कोट उतरवला, तो माणूस काल गेला.

रघूअण्णा पेंटर. आमच्या आळीत भिंतीवर हार घालून बसलेली निम्मी माणसं त्यांच्या हातची.

आमचे हे अठ्ठ्याण्णव साली गेले. शाळेत शिपाई होते. लग्नाचा अल्बम वाळवीने खाल्लेला. उरला एकच फोटो, शाळेचा ग्रुप फोटो.
मागची रांग, अगदी कडेला. चेहरा हरभऱ्याच्या डाळीएवढा.

मुलगी तेव्हा सहा वर्षांची. बापाचा चेहरा ती विसरायच्या आत मला तो भिंतीवर हवा होता.

अण्णांनी भिंग लावून बघितलं.
"वैनी, नाक कळतंय. कान कळतायत. हसायचा कसा?"
"तोंड मिटून. पुढचा दात किडका होता."
"बरं. मग मिटलेलंच ठेवू."

डोळे ते शेवटी काढत, आणि तेही घरच्यांना समोर बसवून. फोटोवरून नाक येतं, नजर येत नाही, असं त्यांचं म्हणणं. म्हणून वर्षश्राद्धाच्या आठ दिवस आधी मी, सासूबाई आणि मुलगी त्यांच्या पडवीत गेलो.

भिंतीला टेकून पाच-सहा कॅनव्हास उभे होते. प्रत्येकावर काळा कोट आणि पांढरी कॉलर. वर डोकं नाही.
पावसाळ्यात रंग वाळत नाही म्हणून अण्णा मे महिन्यातच कोट रंगवून ठेवत. मग ज्याच्या घरून फोटो येईल त्याचं डोकं वर बसायचं.

ह्यांचंही तसंच बसवलेलं होतं. नाक बरोबर, कान बरोबर. खाली कोट.

मुलीने जरा वेळ बघितलं आणि विचारलं, "आई, हे हेडसर आहेत?"

मी म्हटलं, "अण्णा, कोट काढा."

सासूबाई उसळल्या. "का गो? माझ्या पोरानं जन्मभर कोटवाल्यांना पाणी दिलान. आता मेल्यावर तरी घालू दे त्याला."
"पोरीला बाप ओळखू येत नाही, आई."
"येईल. सवय होईल तिला."

मी तेव्हा वाचनालयातून मिळेल ते आणून वाचायचे. चित्रकारांवरचं एक पुस्तक नुकतंच वाचलं होतं. पूर्वी राजे-सरदार चित्रकारासमोर तासन्‌तास बसायचे, आणि चित्रकार त्यांच्या तोंडावरचे देवीचे व्रण गाळून टाकायचे. लग्न ठरवायला मुलीचं चित्र परमुलखात पाठवायचे, आणि प्रत्यक्षात मुलगी वेगळीच निघायची. हे सगळं मी अण्णांना ऐकवलं. शहाणपणाच करायचा होता.

अण्णा ब्रश पुसत म्हणाले, "कोट राजांनाही आम्हीच चढवले, वैनी. तेव्हा जरीचे होते एवढंच."

मग सासूबाईंकडे वळले. "म्हातारे, चित्र कोणासाठी? तुझ्यासाठी की नातीसाठी?"
"तुझ्या पोटासाठी, मेल्या," सासूबाई म्हणाल्या. पण नातीला हाताला धरून चित्रासमोर बसवलं.

अण्णांनी कोटावरच पांढरा शर्ट रंगवला. मी सांगितलं म्हणून खिसा शाळेच्या किल्ल्यांच्या वजनाने लोंबलेला दाखवला. आठ दिवसांत जमेल तेवढं.
मुलगी म्हणाली, "आता बाबा."

सासूबाई मात्र दर वर्षी हार जरा मोठा आणायच्या. शर्ट झाकला जाईल एवढा.

पाचेक वर्षांनी शर्टाला सावली धरली. आधी वाटलं बुरशी. मग ती सावली कोटाच्या कॉलरसारखी दिसायला लागली. मी अण्णांकडे गेले.

"घाई केली मी," ते म्हणाले. "खालचा काळा आतून नीट वाळलेला नव्हता, वर पांढरा पातळ मारला. चूक माझी. घेऊन या, जाड हात मारून देतो."

मी चित्र उतरवायला खुर्चीवर चढले. सासूबाईंना तोवर धड दिसतही नव्हतं. पण चित्राच्या अगदी जवळ येऊन, मान वर करून त्या म्हणाल्या,
"बघ गो. आला माझ्या पोराचा कोट."

मी खुर्चीवरून खाली उतरले.
चित्र तिथेच राहिलं. सासूबाई आता नाहीत. कोट आहे, दर वर्षी थोडा जास्त दिसतो. मुलीला मात्र त्यात हेडसर दिसत नाहीत. ते वय गेलं, आणि तोवर तिला चेहरा पाठ झाला.

पुढे मी कुठेतरी वाचलं की मोठमोठ्या चित्रकारांचीही झाकलेली रेघ अशी वर्षांनी वर येते. अण्णांना सांगितलं तर हसले. "म्हणजे मीही त्यांच्यातलाच."
"मग स्वतःचं एक चित्र काढा की."
"गिऱ्हाईक कुठाय?"

काढलं नाहीच.

आज त्यांच्या घरी जाऊन आले. दारात फ्लेक्स लावलाय. फोटो रेशनकार्डासाठी काढलेला असावा. कॉम्प्युटरवाल्याने त्याला निळं ब्लेझर चढवलंय. टायसुद्धा.

"कोट काढा," माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.
तेवढ्यात काकू, अण्णांच्या पत्नी, शेजारी येऊन उभ्या राहिल्या. फ्लेक्सकडे बघत म्हणाल्या, "साहेबासारखे दिसतायत, नाही?"

मी "हो" म्हटलं.

पण अण्णांना कधी न पाहिलेलं कोणी हे वाचत असेल तर त्याच्यासाठी लिहून ठेवते.

अर्ध्या बाहीचा शर्ट. वरचं बटण तुटलेलं. खिशाला रंगाचं फडकं. अंगाला टर्पेंटाइनचा वास. समोरच्याकडे बघताना डावा डोळा बारीक, जणू तुमचं माप घेतायत.
टाय नाही.

अण्णा, नमस्कार. या आता.