कसला बार, ते लिवा

“तिला बाजूला घे गो, व्हिडिओत येतेय,” नवरदेवाची काकू मला म्हणाली. माझ्या आठ वर्षांच्या मुलीच्या दंडातून रक्त वाहत होतं आणि बाईला काळजी व्हिडिओची.

रामवाडीच्या हॉलवर हळद होती. मी मागे भांडी घासत होते. घर लांब कासू गावात, मुलीला एकटीला कुठे ठेवणार? शाळा सुटली की ती हॉलवरच यायची. त्या दिवशी नाच बघायला पुढे गेली. नवरदेवाच्या काकानं हौसेनं पिस्तूल काढलं. लायसनवालं. दोन गोळ्या वर झाडल्या. तिसरीला हात खाली आला.

काकानंच आम्हाला गाडीत घालून त्याच्या ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं. काय झालं, असं डॉक्टरनं विचारलं. मी बोलून गेले, “बार लागला.” आमच्या खाडीकडे फटाक्याचाही बार आणि बंदुकीचाही बारच. लग्नाचासुद्धा बारच उडवतात. काका लगेच म्हणाला, “फटाक्याचा.” जखम धुतली, पट्टी बांधली, झालं. मी गप्प. हॉलवर मला कामाला ठेवणं न ठेवणं त्याच्याच हातात होतं. ते गप्प राहणं मला अजून खातं.

चौथ्या दिवशी हात टम्म सुजला. अलिबागच्या दवाखान्यात हाताचा फोटो काढला तर आत गोळी. ती काढली, पण उजव्या हाताची दोन बोटं आता मिटत नाहीत. पोर डाव्या हातानं लिहायला शिकतेय.

दवाखान्यानं पोलिसांना कळवलं, मग हवालदार जबाब घ्यायला आला. घ्यायला कसला, लिहूनच आणला होता. ‘लग्नात फटाका उडून इजा, तक्रार नाही.’ सही कुठे करायची तेवढं बोटानं दाखवलं. भांडी घासणारीला वाचता येत नाही, असं धरूनच चालला होता. मी सातवी पास आहे. सावकाश सगळं वाचलं.

“डॉक्टरला बार तूच म्हणालीस ना?” त्यानं विचारलं.

“व्हय. बंदुकीचा बार. तसं लिवा, नाय तर सही नाय.”

मोठ्यांच्या नादी लागू नकोस, म्हणाला.  कागद त्याच्या हातात परत दिला. दुसऱ्या दिवशी सकाळीच पोलीस ठाण्यात जाऊन बसले. माझ्या शब्दांत लिहून घेईपर्यंत दुपार टळली.

हॉलचं काम गेलं. आता आमचीच माणसं म्हणतात, मिटव गो. कोर्टात तारखेवर तारीख पडते. थकले मी. खरंच थकले.

परवा मुलगी विचारत होती, कोर्टात साहेबांनी विचारलं तर ‘मला गोळी लागली’ असं सांगू का? मी म्हटलं, नाही. गोळी आपोआप लागत नाही, कुणीतरी ती झाडतो. आधी त्याचं नाव घ्यायचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तू अडखळलीस तर मी घेईन.