काटोलच्या सालींचं पाणी

काटोलच्या बसस्टँडवर मला निरोप द्यायला आलेल्या आईनं, संत्र्यांच्या गावची असूनही, माझ्या हातात एक संत्रं ठेवलं नाही. तिनं दिली ती वाळलेल्या सालींनी गच्च भरलेली, सुतळीनं तोंड बांधलेली पिशवी. मी खिडकीतून हात हलवायच्या तयारीत होतो. गावच्या नाटकांत वर्षानुवर्षं खलनायक केलेला माणूस मी, एक्झिट वाया घालवणं मला पटत नाही. पण आईनं माझी एक्झिट खाल्ली. खिडकीखाली उभी राहून ती ओरडली, "संत्री भेटतीन रे तिकडं! सालटे कोन देईन तुले?"

अख्खी बस हसली. टाळ्या तिलाच.

तिचं खरं होतं. हडपसरला सगळं मिळतं, फक्त विकत. आमचा कारखाना नागपूरहून इकडे हलला आणि त्याच्याबरोबर पन्नाशीला टेकलेला हा स्टोअरकीपरही. बायको जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, तिला बदली मिळेना. म्हणून ती आईजवळ काटोलला आणि मी इथे नवव्या मजल्यावर. तुमच्यापैकी जे माझ्यासारखेच नोकरीमागे निघून आले त्यांना नव्या घराचा पहिला वास आठवत असेल. माझ्या फ्लॅटला आधीच्या भाडेकरूच्या फिनेलचा वास होता. कुलूप उघडलं की आपण कुणाला भेटायला नाही, स्वतःच ॲडमिट व्हायला आलोय असं वाटायचं.

आमच्या घरी पौर्णिमेच्या वंदनेआधी आई संत्र्याच्या साली आणि रिठे उकळून त्या पाण्यानं फरशी पुसायची. मी त्यात शहरी सुधारणा केली. काचेच्या बरणीत साली दाबून भरायच्या, बुडतील एवढं पांढरं व्हिनेगर ओतायचं आणि पंधरवडाभर विसरून जायचं. मग गाळायचं, तेवढंच पाणी मिसळायचं आणि स्प्रेच्या बाटलीत भरायचं. ओटा, टाइल्स, काचा, सगळं लखलखतं. फक्त संगमरवर आणि कडप्प्यावर मारायचं नाही, त्यांची चकाकी जाते. व्हिनेगरचा वास उडाला की खाली संत्र्याचा उरतो. पहिल्यांदा ओटा पुसला तेव्हा मी पाच मिनिटं काटोलला होतो. नंतर कुकरची शिटी झाली.

एकट्या माणसाला अशा किती बाटल्या लागणार? मी उरलेल्या घेऊन मजल्यावरच्या बेल वाजवायला निघालो. हेतू स्वच्छ होता, अगदी बाटलीतल्या पाण्याइतका. कुणीतरी "या, बसा" म्हणावं, किंवा निदान कधीतरी माझ्याकडे येऊन बसावं. पण हातात स्प्रे घेतलेला, मिशीवाला, दार उघडताच दोन पावलं मागे सरून नमस्कार करणारा माणूस पुण्यात कोण असतो? सेल्समन.

आयटीतल्या जोडप्यानं सांगितलं, "काका, ॲक्च्युली आम्ही सगळं ऑनलाइनच ऑर्डर करतो." फुकट आहे म्हटल्यावर त्यांनी "सो स्वीट" म्हणून एक घेतली. कोपऱ्यातल्या बँकवाल्यांनीही एक घेतली. समोरच्या बर्वेकाकूंच्या दारावर पाटी होती: 'विक्रेते, वर्गणीवाले आणि मांजरे यांनी बेल वाजवू नये.' मी वाजवली. जाळीआडून चष्मा चमकला.

"विकायला आलात?"

"नाही जी, द्यायला."

"मग तर मुळीच नको."

दार बंद. संवाद इतका नेटका होता की मी मनातल्या मनात दाद दिली.

काही दिवसांनी दोन्ही बाटल्या परत आल्या. मी कामावर असताना कुणीतरी पिशवीत घालून दाराच्या कडीला अडकवून गेलं होतं. धुतलेल्या, पुसलेल्या आणि रिकाम्या. पुणेकरांच्या दृष्टीनं ही सभ्यता. पण माझ्या आईच्या राज्यात हा गुन्हा होता. लहानपणी मी शेजारचं भांडं रिकामंच द्यायला निघालो की ती पदर खोचून आडवी यायची. "काहून रे, रिकामं भांडं नेतं का कोनी? चिमूटभर साखर तरी टाक! रिकामं दिलं म्हंजे पुन्हा येऊ नका म्हनलं."

फोनवर ती दर वेळी विचारायची, "बाटलीतून काय आलं रे?" आता मी नट. सांगायचो, एकांनी चिवडा दिला, दुसऱ्यांनी शेवग्याच्या शेंगा.

पलीकडून लगेच प्रश्न आला, "स्प्रेच्या बाटलीत शेंगा मावल्या?"

मी हसलो, तीही हसली. पुढच्या आठवड्यात, मी न मागता, सालींची आणखी एक पिशवी ट्रॅव्हल्सच्या गाडीनं आली. तिला सगळं कळलं होतं.

मागच्या हिवाळ्यात आई गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकून काटोलहून निघताना मागच्या अंगणात खाटेवर तिनं वाळत घातलेल्या साली तशाच दिसल्या. त्या गोळा करून आणल्या आणि शेवटची बरणी घातली. त्यातल्या बाटल्या मी कुणालाही न देता एकट्यानं वापरल्या. शेवटची उरली तेव्हा वापरणंही थांबवलं. संध्याकाळी आल्यावर नुसतं झाकण उघडायचं, वास घ्यायचा आणि परत लावायचं.

मग बुद्धपौर्णिमा आली. मी फरशी साध्या पाण्यानं पुसली, एकट्यानं वंदना म्हटली. आई त्या दिवशी शेजारी खीर द्यायची. मला खीर जमत नाही. घरात देण्यासारखं एकच होतं. माझ्याकडून कधीच काही न घेतलेलं दारही एकच होतं.

"पुन्हा तुम्ही?" जाळीआडून बर्वेकाकू.

"शेवटची आहे, काकू. आता त्रास नाही द्यायचा. साली आई पाठवायची, ती गेली."

या वेळी अभिनय नव्हता, म्हणून संवाद बहुधा वाईट झाला असावा. त्यांनी जाळी उघडली, बाटली घेतली आणि दार लावलं.

त्यानंतर रोज कामावरून आलो की मी आधी कडीकडे बघायचो. बाटली लटकलेली नसायची. रिकामी यायला नको होती, आणि येत नव्हती म्हणूनही चैन पडायचं नाही. कदाचित त्यांनी ती फेकून दिली असेल. आईच्या हातचं शेवटचं होतं.

एका रविवारी बेल वाजली. ती माझ्याच घराची आहे हे कळायला वेळ लागला, मी ती कधी ऐकलीच नव्हती. दारात बर्वेकाकू, हातात माझी बाटली. तिच्यात केशरी-हिरवं काहीतरी ठासून भरलेलं होतं. संत्र्याच्या, मोसंबीच्या, लिंबाच्या साली, उन्हात वाळवून, बाटलीच्या चिंचोळ्या तोंडातून जातील अशा कात्रीनं बारीक पट्ट्या कापलेल्या.

"वासाला बरं होतं तुमचं पाणी," त्या म्हणाल्या. "साली साठायला वेळ लागला. माझ्या एकटीच्या घरात फळं ती किती येणार? आणि हे बघा, रिकामी बाटली परत द्यायची नसते. तुमच्या विदर्भात नसेल पद्धत, म्हणून सांगितलं."

बाटली घेऊन मी सवयीनं दोन पावलं मागे सरलो आणि नमस्कार केला.

"आत बोलावणार आहात, की पाटी लावलीय कुठे?"

त्या बसल्या. चहा घेतला, गोड झाल्याचं सुनावलं आणि पूर्ण प्यायल्या. घरात एकच खुर्ची, म्हणून मी ओट्याला टेकून उभा होतो.

त्या गेल्यावर मी बरणी काढली. आईच्या सालींचा वास काचेला अजून होता. तिच्यातच नव्या साली घातल्या, व्हिनेगर ओतलं, झाकण लावलं. तेवढ्यात बायकोचा फोन, नेहमीचाच प्रश्न, "घरी कधी येता जी? शनिवारी येता?"

याआधी मी नेहमी तिकिटाचं बुकिंग करूनच उत्तर द्यायचो.

"या शनिवारी नाही जमत," मी म्हणालो. "घरी साली भिजत घातल्यात."