डाव्या पायातला कापूस

मल्लम्माला नाचातलं ओ की ठो कळत नव्हतं; पण लातुरातल्या पार्वतीबाईंच्या नाचाच्या क्लासातल्या वीसच्या वीस पोरींचे पाय तिला अंधारातही ओळखू आले असते. कुणाच्या टाचेला भेग, कुणाचा अंगठा वाकडा, सगळं तोंडपाठ. कारण रोज संध्याकाळी एकेकीचा पाय मांडीवर घेऊन घुंगरू बांधायचं काम तिचं. दिवसभर देवळासाठी वाती वळायच्या आणि पाच वाजले की क्लास झाडायला यायचं. गळ्यात इष्टलिंग, कमरेला कापसाची पिशवी आणि तोंडात कुणाची तरी चेष्टा, अशी ही बाई.

पार्वतीबाई हैदराबादेत भरतनाट्यम शिकून आलेल्या. शिकवायच्या जीव तोडून, पण शिस्त अशी की नको रे बाबा! दर शनिवारी परीक्षा. चांगली नाचली ती पुढच्या रांगेत, चुकली ती मागे. आणि मागे गेलेल्या पोरीचे दहा घुंगरू काढायचे. परीक्षेला बाई डोळे मिटून बसायच्या आणि नुसत्या आवाजावरून चूक धरायच्या. वर्षभरात पोरींचं काय झालं म्हणता? आधी एकमेकींच्या डब्यातलं खाणाऱ्या पोरी एकमेकींच्या पायातले घुंगरू मोजायला लागल्या. मागची पाणी प्यायला उठली तरी पुढचीला वाटायचं, हिच्या मनात काहीतरी आहे.

नीलम्मा आणि महानंदा एकाच गल्लीतल्या. त्या साली पाऊस नव्हता. लातूर जिल्हा झाला होता, कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागल्या होत्या, पण नळ आठ-आठ दिवस कोरडे. म्हणून क्लासातल्या माठासाठी पोरी घरून पाणी आणायच्या. ह्या दोघी एकच कळशी दोन्ही बाजूंनी धरून आणायच्या, निम्मं पाणी रस्त्यात सांडायच्या आणि मल्लम्माच्या शिव्या खायच्या. मग महानंदा पहिल्या रांगेत गेली, नीलम्मा शेवटच्या. दुसऱ्या दिवशी दोघी दोन तांबे घेऊन आल्या. पाणी एक थेंब सांडलं नाही, पण मल्लम्माला काही ते बरं वाटलं नाही.

नीलम्माचे घुंगरू काढायला मल्लम्मा कात्री घेऊन बसली, तेव्हा दहा वर्षांच्या त्या पोरीने पाय पोटाशी ओढून घेतला आणि हमसून हमसून रडली. मल्लम्माने कात्री बाजूला टाकली, पिशवीतला कापूस घेतला आणि सुईच्या टोकाने दहा घुंगरांच्या फटीत बोळे कोंबले. आवाज बंद. बाईंना ऐकू येणार नाही आणि पोरीचं काही जाणारही नाही. मग काय, तेव्हापासून जी मागे जाईल तिला कापूस. मल्लम्मा स्वतःच्या हुशारीवर खूश होती. बाकीच्या पोरी ते बघत असायच्या, महानंदाही.

उन्हाळ्यात औरंगाबादच्या स्पर्धेचं पत्र आलं. क्लासातून एकच मुलगी पाठवायची, निवड बाई करणार. नीलम्माचे वडील वीरण्णा यांनी घरी सांगून टाकलं होतं, की पोरीची निवड झाली तर नाच चालू, नाही तर क्लास बंद. मल्लम्माने हे ऐकलं आणि तिची भूकच मेली. झाडता झाडता तिच्या कानाने ओळखलं होतं, की ही पोरगी आता सगळ्यांच्या पुढे गेली आहे. निवडीच्या आदल्या संध्याकाळी तिने घुंगरांमधला कापसाचा बोळा न् बोळा काढला आणि सगळ्यांचे घुंगरू खुंटीला टांगले.

नेमका निवडीच्या दिवशी टँकर उशिरा आला. मल्लम्मा घागर घेऊन धावत पोचली, तोवर पोरींनी आपले आपण घुंगरू बांधले होते आणि नीलम्मा उभी राहिली होती. उजवा पाय छान वाजला. डावा मुका. पोरगी घाबरली, जोरात पाय आपटायला लागली, तरी मुकाच.

"डावा पाय कच्चा आहे. बस खाली," बाई डोळे न उघडता म्हणाल्या.

मल्लम्माने तो पाय मांडीवर घेतला. प्रत्येक फटीत बोळा, तिच्याच पद्धतीने वळलेला. तिने मान वर केली. महानंदाच्या परकराला कापसाचे तंतू चिकटले होते आणि पोरगी जमिनीकडे बघत होती. एक ठेवून द्यावी असं मल्लम्माला वाटलं. पण अकरा वर्षांचं लेकरू ते! मल्लम्माने बाईंना सांगितलं, की कापूस माझा, काढायचा राहिला, हिला पुन्हा नाचू द्या. मग विचारता विचारता वर्षाचं सगळं बाहेर आलं. बाई संतापल्या; उद्यापासून येऊ नकोस म्हणाल्या.

तेव्हा महानंदा रडत उठली.

"मी घातला कापूस." मग मल्लम्माकडे वळून म्हणाली, "तूच तर शिकीवलंस. तू घालतीस तवा कुणी काय म्हणत न्हाई."

मल्लम्माला ते फार लागलं. म्हणाली, "हाव. मीच शिकीवलं. आता मीच शिकीवते, काढायचा कसा." आणि तिने महानंदाच्या हातात सुई दिली. बोळे निघायला अर्धा तास लागला. बाईही तोवर थांबल्या. नीलम्मा पुन्हा नाचली आणि तिची निवड झाली. दोघी पोरी मात्र लगेच काही बोलायला लागल्या नाहीत. दोन तांबे येतच राहिले.

मल्लम्मा दुसऱ्या दिवशी झाडायला आली, बाईंनी तिला हटकलं नाही. शनिवारी एक धाकटी पोर चुकली. बाई सवयीने म्हणाल्या, "काढ दहा."

मल्लम्माने कात्री नेऊन बाईंच्या हातात ठेवली. "बाई, माझ्याच्यानं आता कापूस बी घालनं होत न्हाई आन् काढनं बी होत न्हाई. तुम्हीच काढा."

पार्वतीबाई तावातावाने खाली बसल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी पोरीचा पाय मांडीवर घेतला. टाच उकलली होती, घोट्याला दोरीचे वळ होते. पोरीने पाय पोटाशी ओढून घेतला. बाईंनी चष्मा काढून पुसला, कात्री उचलली, पुन्हा खाली ठेवली.

"मल्लम्मा," त्या म्हणाल्या, "हिच्या टाचेला तेल लाव गं."