डॉक्टर आधी चुलीपाशी

आलापल्लीच्या आमच्या डॉक्टरांची एक भलतीच खोड होती. घरी आले की रोग्याच्या खाटेकडे वळायचेच नाहीत. आधी थेट चुलीपाशी. झाकण उचलून बघणार, काय शिजलं, कोण जेवलं. पहिल्यांदा मला रागच आला. अगं बाई, हा डॉक्टर की जेवणावळीचा पाहुणा! होते कोकणातले, पण आमचं मले-तुले त्यांनी उचललं होतं. बाबांना म्हणाले, "खाटेवर रोगी एक, भाऊ, अन् घरात उपाशी चार. मी कोणाले औषध देऊ?"

माझ्या मायला अन्ननलिकेचा कॅन्सर होता. नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांनी हात टेकले. आमच्या डॉक्टरांनी तिच्यापासून काही लपवलं नाही. "बाई, बरं करणं माह्या हातात नाई. पण दुखू देणार नाई," म्हणाले, आणि इंजेक्शन द्यायला रोज सायकल दामटत येऊ लागले.

अशात नवं धान घरात आलं. आमच्याकडे घरच्या मोठ्या बाईनं पहिला घास घेतल्याशिवाय नवा तांदूळ कोणी खात नाही. मायच्या घशाखाली तर पाणीही उतरेना. बाबा हट्टाला पेटले, "तू खाशील तवाच आमी खाऊ." जुना तांदूळ संपलेला, आम्ही कण्यांवर भागवत होतो. माय रडायची, "माह्यापायी घर काऊन उपाशी ठेवता जी?"

डॉक्टरांनी चुलीवरच्या कण्या पाहिल्या, मला विचारलं, मी सांगून टाकलं. त्यांनी नव्या तांदळाची पेज करायला लावली, फडक्यातून गाळली आणि कापसाचा बोळा भिजवून मायच्या जिभेला लावला.

"झालं ना, बाई, नवं?"

माय हसली. किती दिवसांनी हसली! "झालं. बसा आता सारे. तुमी बी, डॉक्टरभाऊ."

डॉक्टरांनी मांडी घातली आणि भात मागून घेतला. बाबा जेवता जेवता रडत होते. मायची नजर आमच्या ताटांवरून हलत नव्हती.

पुढे थोड्याच दिवसांत ती गेली. आपल्या घरात, न कण्हता. दुसऱ्या दिवशी सायकलची घंटी वाजली. खाट तर भिंतीला उभी करून ठेवलेली. आता हे कोणासाठी आले?

डॉक्टर थेट चुलीपाशी गेले. चूल थंड होती, शेजारणीनं आणलेला वरण-भात तसाच झाकलेला. त्यांनी स्वतः ताट वाढलं, बाबांपुढे ठेवलं आणि शेजारी बसले.

"जेवा, भाऊ. माहे रोगी अजून घरात हायेत."

बाबांनी घास उचलला. देव त्या माणसाचं भलं करो. आजही कोणाच्या घरी आजाऱ्याला भेटायला गेले की माझे पाय आधी चुलीकडे वळतात.