काजऱ्याच्या बिया आणि बाईंची वाटी

आयुर्वेदाची पदवी घेऊन मी महाडच्या एका छोट्या औषधशाळेत रुजू झाले, त्या दिवशी पार्वतीबाईंनी माझ्या प्रमाणपत्राकडे पाहिलेही नाही, नखांकडे पाहिले. “आधी ती काप,” एवढेच म्हणाल्या. मला भारी राग आला होता, हे आज त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त कबूल करते.

शिवथरच्या पार्वतीबाई आमच्याकडे शोधनाचे काम पाहतात, म्हणजे औषधी द्रव्यांतला विखार काढतात. काजऱ्याच्या, म्हणजे कुचल्याच्या, विषारी बिया सात दिवस गोमूत्रात भिजवायच्या, दुधात उकळायच्या, सोलायच्या, उकलून आतला जिभेसारखा अंकुर काढायचा आणि मग तुपात परतायच्या. काढलेले अंकुर बाई वाटीत ठेवतात. जितक्या बिया तितके अंकुर भरले, की मगच वाटी मातीत रिती होते. मला हे उगाचचे अवडंबर वाटे.

एकदा बाई चार दिवस गावी गेल्या होत्या. परतल्यावर त्यांनी विचारले, “वाटी कुठं हाय गो?” घाईत मी बिया सोलून, अंकुर न काढता तशाच परतल्या होत्या. त्या बियांच्या गोळ्या त्याच सकाळी नाते गावच्या एका आजींकडे गेल्या होत्या. आजींचा फोन लागेना.

बाई माझ्या स्कूटरवर बसल्या. औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची पाळी नुकतीच सुटलेली. बस आणि मोटारसायकलींतून वाट काढत आम्ही पोचलो. आजी अंगणातच बसल्या होत्या, डबी शेजारी. मी धापा टाकत विचारले, “गोळी घेतलीत?”

“नाय गो. काजऱ्याची गोळी मी सांगितल्याबिगर घ्यायची नाय, असं ह्या बाईंनीच बजावलंय ना!”

मी पायरीवर बसून चक्क रडले. इतके हलके मला पदवी मिळाली तेव्हाही वाटले नव्हते. बाईंनी डबी पिशवीत टाकली आणि आजींना म्हणाल्या, “चूक झाली आमची. नव्या गोळ्या करून देतो.”

‘आमची’ म्हणाल्या. त्या चार दिवसांत त्या महाडात नव्हत्याही.

परतताना रागावल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र बियांची परात माझ्यापुढे सरकवली आणि शेजारी वाटी ठेवली.

बाईंना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. यात माझा स्वार्थही आहे. आता वाटी मी न विसरता भरते. पण ती मागणारे माणूस मला अजून पुष्कळ वर्षे हवे आहे.