तारमामांच्या खिशातल्या दोन तारा

लोक खिशाला पेन लावतात. तारमामांच्या खिशाला सायकलच्या चाकातल्या दोन तारा असायच्या. सरळ, घासून गुळगुळीत केलेल्या, एका मापाच्या. एकदा एसटीत कंडक्टरनं विचारलं, "मामा, ह्या कशाला?" तर म्हणाले, "दोन भाऊ एका टायमाला उठत्यात का, ते बघायला." कंडक्टरनं तिकीट फाडून दिलं आणि पुढं सरकला. मलासुद्धा ते कळायला बराच काळ गेला.

मामांचं खरं नाव नसरापुरातही फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांना गॅरेज नव्हतं. कापडी पिशवी काखेत मारून ते वेल्ह्याच्या एसटीनं यायचे आणि ज्याच्या दारात जुनी मोटरसायकल रुसून उभी असेल त्याच्या पडवीत फतकल मारून बसायचे. आता नजर गेली म्हणून लेकीकडं फलटणला जाऊन राहिलेत. माझ्याहून शिकलेले लोक इकडं पुष्कळ आहेत, पण त्यांच्याकडं माझ्यासारखी गाडी नाही. म्हणून मीच लिहितो.

माझी गाडी म्हणजे दोन सिलिंडरचं जुनं धूड. भोरच्या एका फौजीकडून घेतलेलं. सिलिंडर दोन म्हणून कार्बोरेटरही दोन. पेट्रोलमध्ये हवा मिसळून इंजिनाला पाजायची, हे कार्बोरेटरचं काम. एकानं जास्त पाजलं आणि दुसऱ्यानं कमी, की गाडी लंगडते. मूठ पिळली की दोन्ही कार्बोरेटरांतल्या स्लाईड, म्हणजे हवेची वाट उघडणाऱ्या झडपा, एकदमच वर उठायला पाहिजेत. मामा प्रत्येकाच्या तोंडात एकेक तार घालायचे, आतलं टोक स्लाईडखाली आणि बाहेरचं आपल्या डोळ्यांसमोर. मग मला म्हणायचे, "नाना, पिळा मूठ. हळू. सासऱ्याच्या घरी चहा मागताय असं समजा." आतली स्लाईड उठली की बाहेरचं टोक खाली यायचं. दोन्ही टोकं एकदम हलली की झालं. नाहीतर केबलचा नट सुताएवढा फिरवायचा आणि पुन्हा मूठ. वर नळीचा एक तुकडा कानाला लावून दोन्हीकडची हवा ओढल्याचा आवाज ऐकायचे. झाली त्यांची सगळी मशिनरी.

नवीन सामान आणायची आमची ऐपत नव्हती, आणि ते मिळतही नव्हतं. दोन भागांच्या सांध्यातून गळू नये म्हणून घालायचं पॅकिंग मामा लग्नपत्रिकेचं कापायचे. पत्रिका बोटांत धरून तिचा जाडपणा बघायचे आणि लग्नाची पारख करायचे. "ह्या घरचं लगीन भारी झालं आसंल. दोन पावसाळं गळणार न्हाई." माझ्या पुतण्याची पत्रिका पातळ निघाली तर भर पडवीत म्हणाले, "नाना, ह्यापेक्षा तोंडी आवतान बरं व्हतं." पेट्रोल ज्यातून येतं त्या जेटच्या बारीक भोकात सुई घातलेली त्यांना खपायची नाही. वायरीतली तांब्याची एक केसाएवढी तार घालायचे आणि सायकलच्या पंपानं हवा मारायचे.

एक नियम मात्र त्यांचा सगळ्यांत वेगळा. गाडी जुळली का, हे चालवणाऱ्याला कधी विचारायचे नाहीत. "त्येला काय इचारायचं? गाडी त्येची. त्येला ती चांगलीच वाटणार. मागं बसणाऱ्या माणसाला इचारा." आमच्यात मागं बसणारं माणूस म्हणजे आमची मंडळी. डावीकडचा कार्बोरेटर मागं पडला की ती माझ्या डाव्या खांद्यावर बोटानं टकटक करायची, उजवा पडला की उजव्या. मामा तिच्या शब्दावर नट फिरवायचे, माझ्या नाही. आणि गाडी नीट जुळली की ती माझ्या पाठीला डोकं लावून झोपायची. मामा म्हणायचे, "वैनी झोपल्या म्हंजे माझं काम संपलं."

तिचं माहेर हिर्डोशी. गेल्या वर्षी ती धरून बसली, माहेरच्या देवीची ओटी भरायची, आणि जायचं ते गाडीवरनंच. लग्न झाल्यावर पहिल्यांदा माहेरी गेली ती ह्याच गाडीवर. एसटीचं नाव काढू द्यायची नाही. गाडी तर नीट चालत नव्हती. म्हणून मामांना बोलावलं. त्यांनी दोन्ही कार्बोरेटर खोलले आणि डाव्याचं सामान एका वाडग्यात, उजव्याचं दुसऱ्या वाडग्यात घालून पडवीच्या कोनाड्यात ठेवलं. मला बजावलं, "हे दोन संसार येगळं. एकाचं भांडं दुसऱ्याकडं जाता कामा न्हाई."

त्याच आठवड्यात तिला पुण्याला दवाखान्यात न्यावं लागलं. ती परत आली नाही. ह्याच्यावर मी जास्त लिहिणार नाही, मला ते जमतही नाही.

दहावा झाला. सुतक फिटल्यावर आमच्यात सगळं घर धुतात, घरातलं भांडंन् भांडं घासतात. माझी बहीण, अक्का, पदर खोचून बसली होती. कोनाड्यातली दोन वाडगी तिला दिसली, आत काळंमिट्ट सामान. सुतकातलं म्हणून तिनं ते चिंच आणि राखेनं घासलं, धुतलं, उन्हात वाळवलं आणि सगळं एका डब्यात भरून ठेवलं. दोन्ही संसार एका डब्यात.

मामा भेटायला आले तेव्हा डबा उघडला. पितळ सोन्यासारखं चमकत होतं. मामा बघतच राहिले.

"अक्का, ह्यात जेवाय बसावं इतकं लख्ख केलंया तुमी."

"मग? सुतकातलं काळं तसंच ठिवायचं व्हय?"

"न्हाई, बरं केलं. पन आता डावं कुठलं न् उजवं कुठलं, ते सांगा."

अक्काचा चेहरा उतरला. मामा रागावले नाहीत. डबा मांडीवर घेऊन मला म्हणाले, "नाना, ही स्लाईड इतकी वर्सं एकाच घरात वरखाली करून झिजलीया. दुसऱ्या घरात नांदायची न्हाई ती. मळावरनं वळखली असती, तर तो बी अक्कांनी धुऊन टाकला." मी म्हणालो, जाऊ द्या, गाडी भंगारात घालतो. मी ते मनापासून बोललो होतो. ओटी भरायचं राहिलं ते राहिलं. एसटी सोडते तिथून मेव्हण्याच्या वाडीपर्यंतचा चढ माझ्या गुडघ्यांना झेपत नाही, आणि कुणाच्या टेम्पोत बसून तिची ओटी न्यायची नव्हती.

अक्का पदर डोळ्यांना लावून रडायला लागली. "माज्या हातानं वैनीचं ऱ्हायलं."

"रडू नका. हिकडं या," मामा म्हणाले. "तुमी घासलं, तुमीच शोधा."

त्यांनी एक स्लाईड डाव्या कार्बोरेटरात घालून अक्काच्या कानापाशी हलवली. मग तीच उजव्यात घालून हलवली. "कुठं कमी खुळखुळती?"

अक्कानं डोळे पुसले. "परत हलवा."

परत हलवली.

"ह्यात. ह्या उजव्यात गप बसतीया."

मामांनी आपल्या कानाला लावून बघितलं आणि मान हलवली. "आता ही घरी आली. दुसरी आपसूक दुसऱ्यात. जेटचं सोपं हाय, डाव्याच्या डोक्यावर माज्याच पेचकसाचा वरखडा हाय." अक्का एवढी हरखली की तिनं त्यांना न विचारता दोनदा चहा केला.

तारा लागल्या, नळी लागली, पत्रिकेचं पॅकिंग बसलं. गाडी एका किकमध्ये बोलली. मामांनी हात पुसले आणि सवयीनं विचारून गेले, "आता मागं कोन बसतंय?" आणि जीभ चावली.  अक्का हळूच म्हणाली, "मी न्हाय बाई बसायची त्या धुडावर."

मामा जन्मात कुणाच्या मागं बसले नव्हते. "दुसऱ्याच्या हातात जीव द्येत न्हाई मी," म्हणून एसटीनं फिरणारा माणूस. त्यांनी उपरणं कानांवरून आवळून बांधलं, ओटीच्या हिरव्या लुगड्याची आणि नारळाची पिशवी अक्काकडून घेतली आणि माझ्या मागं बसले. "सावकाश घ्या. माझी लेक अजून मला फलटणला न्यायच्या आशेवर हाय."

नसरापूर यायच्या आधीच डाव्या खांद्यावर टकटक झाली. माझ्या अंगावर काटाच आला. गाडी थांबवली. मामांनी उतरून नट सुताएवढा फिरवला आणि परत बसले. भोर गेलं. उजव्या खांद्यावर नाही, डाव्या खांद्यावर नाही. देवघरच्या धरणाचं पाणी दिसायला लागलं. इंजिनाचा आवाज एकसारखा, दोन सिलिंडर आहेत हेसुद्धा विसरावं असा. तेवढ्यात पाठीला काहीतरी जड लागलं. मी म्हणालो, "मामा?"  पुन्हा हाक मारली. मग घोरणं ऐकू आलं.

इतके दिवस छातीवर जे बसलं होतं ते तिथं उतरलं. मी गाडी आणखी सावकाश घेतली, वळणावर पाठ न हलवता.

हिर्डोशीत मेव्हण्याची बायको ओट्यावरून हसायला लागली. "दाजी, झोपलेलं म्हातारं कुठनं उचलून आनलं?"

मामा दचकून उठले. गालावर माझ्या जाकिटाच्या शिवणीचा वळ. पिशवी तेवढी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. "झोपतंय कोन?" म्हणाले. "डोळं मिटून आवाज ऐकत व्हतो."

 पिशवी मेव्हण्याच्या बायकोच्या हातात दिली. ह्या ओट्यापाशी गाडीवरून उतरताना आमची मंडळीही दर खेपेला हेच म्हणायची, झोपतंय कोण.